वासाची आणि बिनवासाची

चीफच्या घरी माझ्या पाइपला उंबऱ्याच्या आत कधीच जागा मिळाली नाही. गुहागरच्या वाटेवर आडबाजूच्या गावात त्यांचं कौलारू घर आहे. पुढे पडवी, पडवीला तीन पायऱ्या, खाली पोफळी. वहिनींचा नियम असा, की चीफनी बैठकीत झोपाळ्यावर बसून ओढायचं आणि मी सगळ्यात खालच्या पायरीवर. त्यांच्या पाइपातून चेरी आणि व्हॅनिलाचा वास येतो. माझ्या पाइपाच्या वासाला वहिनी ‘गोणपाट जळल्याचा’ म्हणतात.

दुकानात या दोन जातींना ॲरोमॅटिक आणि नॉन-ॲरोमॅटिक म्हणतात. आमच्या बोलण्यात त्या वासाची आणि बिनवासाची. बिनवासाचीला वास भरपूर असतो. वरून दिलेला नसतो, एवढंच.

चीफ म्हणजे जहाजावरचे चीफ इंजिनिअर. १९८४ साली मी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा ते ३३ वर्षांचे होते आणि मी २२. रॉटरडॅमला त्यांनी मला पहिला पाइप घेऊन दिला आणि सोबत चेरीचं पाकीट. सुमारे १५ वर्षं मी तीच तंबाखू ओढली. मग ती हळूहळू सुटली, आणि त्यानंतर आजवर मी बिनवासाचीच ओढत आलो. आमचा वादही तेवढाच जुना. यंदा जूनमध्ये, पहिल्या जोराच्या पावसात मी गेलो होतो, तेव्हा तो पुन्हा निघाला. पावसामुळे मी वरच्या पायरीवर सरकलो होतो. चीफ झोपाळा सोडून माझ्या शेजारी येऊन बसले. तोंडात त्यांचा जुना, वाकड्या नळीचा, ब्रायरच्या लाकडाचा पाइप.

चीफ : तू ती सोडलीस ते नक्की का रे? दर वेळी वेगळं कारण सांगतोस.

मी : कारणं एकाहून जास्त आहेत म्हणून. पहिलं कारण जीभ. पाकीट उघडल्यावर नाकाला जे मिळतं, ते तोंडात येतच नाही. मग माणूस ते शोधायला जोरजोरात ओढतो. तंबाखू सुकू नये म्हणून तिच्यात प्रॉपिलिन ग्लायकॉल घातलेलं असतं, ते ओल धरून ठेवतं. ओली तंबाखू जोरात ओढली की धुराबरोबर वाफ येते आणि जीभ पोळते. तळाशी पाणी साठून नळीत गुडगुड सुरू होते. शेवटचा तिसरा हिस्सा मला कधी ओढताच आला नाही. ओला गोळा राहायचा, तो ठोकून टाकायचो.

चीफ : हा दोष तुझ्या हाताचा. तू विडी ओढावी तसा ओढायचास. मी तेव्हाच सांगत होतो, चिमूटभर कागदावर पसर, अर्धा तास वाऱ्यावर ठेव, सैल भर, आणि मग पेटवलंयस हे विसरून जा. माझ्या बाऊलमध्ये शेवटी कोरडी राखच राहते.

मी : ते मला मान्य आहे. ओढायचं कसं हे मी फार उशिरा शिकलो, आणि मला ते शिकवलं बिनवासाचीनं. लिव्हरपूलला एकदा मी फुल व्हर्जिनिया फ्लेक घेतली. इंग्लंडात केंडल गावी सॅम्युएल गॉविथ म्हणून १७९२ पासूनचं घराणं आहे, त्यांची. पानं एकावर एक दाबून वडी करतात, तिचे पातळ काप करतात, आणि आपण ते काप तळहातावर मळून भरायचे. पहिले तीन दिवस मला काही म्हणजे काही चव लागली नाही, कोमट पाणी प्यायल्यासारखं वाटलं. डबा समुद्रात टाकणार होतो. चौथ्या दिवशी बारा ते चारचा वॉच संपवून पहाटे डेकवर बसलो, इतका दमलेला की पाइप पेटलेला आहे याचंही भान नव्हतं. आणि जिभेच्या कडेला गोडवा आला. वाळत घातलेल्या गवताचा वास असतो ना, आणि पावाच्या भाजलेल्या कडेचा, तसा काहीतरी. मी सावध होऊन जोरात ओढलं तर तो गेला. पुन्हा सावकाश ओढलं तर परत आला.

चीफ : म्हणजे तू सावकाश ओढायला लागलास आणि श्रेय दिलंस पानाला.

मी : पान तसं होतं म्हणून सावकाश ओढणं भाग पडलं. चेरीनं मला कधी थांबायला लावलं नाही.

चीफ काही वेळ पावसाकडे बघत राहिले. चीफ इंजिनिअरला एखादी गोष्ट कशी चालते हे कळल्याशिवाय तिच्याबद्दल मत देता येत नाही. चीफचं तंबाखूबद्दलही तसंच आहे. पानात साखर कुठून येते, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते इंजिनरूममध्ये, बॉयलरला पाठ टेकून. या खेपेला पुन्हा सांगितलं, कारण त्यांचा मुद्दा त्यावरच उभा होता.

चीफ : तुझ्या व्हर्जिनियाचा गोडवा आपोआप आलेला नाही. १८३९ साली नॉर्थ कॅरोलायनात, कॅस्वेल काउंटीत, स्टीफन नावाच्या गुलाम तरुणाला कोठारातली शेकोटी सांभाळायला बसवलं होतं. त्याचा डोळा लागला, आग विझत आली. मालकाच्या भीतीनं त्यानं लोहारकामाचा कोळसा आणून टाकला, उष्णता एकदम चढली आणि पानं पिवळीधमक झाली. अशी गोष्ट सांगतात. पुढे लोखंडी नळ्यांतून गरम हवा खेळवून तेच करायला लागले. पान तोडलं तरी काही दिवस जिवंत असतं. त्यातल्या पिठाची साखर होते, आणि नेमक्या त्या वेळी उष्णतेनं पान मेलं की साखर आत तशीच राहते. बर्ली जातीच्या पानाचं उलटं. ती सावलीत, वाऱ्यावर, महिना-दोन महिने सुकते. तोवर पान आपलीच साखर खाऊन बसतं. म्हणून बर्ली कोरडी आणि पोकळ. १८६४ साली ओहायोत पांढरी बर्ली निघाली आणि लोकांच्या लक्षात आलं, ही टिपकागदासारखी काहीही पिते. ज्येष्ठमध, मध, रम, गूळ, काहीही. आता ज्या पानात गोडी उरली नाही त्याला माणसानं दिली, तर बिघडलं काय? आणि आपल्याकडे हे नवं आहे का? हुक्क्यात काय भरत होते? काकवीत कालवलेली तंबाखू. खमीरा करायचे तर फळं आणि मसाले घालून आंबवायचे. गुडाखूच्या तर नावातच गूळ. हुक्का ओढणाऱ्या माणसाला कोणी म्हटलं का, की तुझी तंबाखू कच्च्या चवीची?

मी : मी कच्ची म्हणत नाही. पानात मुरवलेली साखर वेगळी आणि पाकिटात भरण्याआधी वरून मारलेला वास वेगळा, एवढंच म्हणतो. मुरलेलं असतं ते राखेपर्यंत टिकतं. वरचा वास पहिल्या दहा मिनिटांत उडून जातो.

चीफ : मग तुझ्या लाताकियाचं काय?

हा प्रश्न ते नेहमी शेवटी विचारतात, कारण त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. लाताकिया हे सीरियातल्या बंदराचं नाव. त्या बंदरात आम्ही दोघं गेलेलो आहोत. पण मी ओढतो ती तंबाखू सायप्रसची. बारीक पानाची जात उन्हात सुकवतात, मग बंद कोठारात टांगतात आणि खाली मंद धुनी पेटवतात. पाइन, मर्टल, मस्तकी अशा डिंकाळ, वासाच्या झाडांची. पान आठवडेच्या आठवडे त्या धुरात राहतं आणि बाहेर येतं ते काळं होऊन. त्याला जो वास असतो, चामड्याचा, शेकोटीचा, थोडा देवळातल्या धुपाचा, तो सगळा त्या झाडांचा.

चीफ : तो वास पानाचा आहे का? नाही. झाडांचा आहे, बाहेरून आलेला आहे, माणसानं मुद्दाम दिलेला आहे. मग ती बिनवासाची कशी आणि माझी वासाची कशी?

मी : नाव चुकीचं आहे, हे मी कबूल करतो.

चीफ : नाव चुकीचं असेल तर त्या नावावर बांधलेला मोठेपणाही चुकीचा.

मोठेपणा हा शब्द मला लागला, कारण त्यात तथ्य होतं. वासाचीकडून बिनवासाचीकडे गेलेल्या माणसांमध्ये एक सूर असतो: आधी पोरवय होतं, गोड आवडायचं; आता जीभ जाणती झाली. माझ्याही बोलण्यात तो सूर अनेक वर्षं होता. चीफनी दिलेलं पाकीट मी एकदा त्यांच्यासमोर न उघडता परत केलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

तरी मला जे म्हणायचं होतं ते वेगळं होतं, आणि ते सांगायला मला मिसिसिपीवर जावं लागलं.

मी : चीफ, आपण कॉन्व्हेंटला मका भरला होता ते आठवतं?

चीफ : न्यू ऑर्लिन्सच्या वर. पाऊस लागून लोडिंग थांबलं होतं.

मी : त्याच वेळी मी एजंटच्या माणसाबरोबर बाहेर पडलो होतो. कॉन्व्हेंट ज्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये आहे, तिथेच पेरीक नावाची तंबाखू होते. दुसरीकडे कुठे तसली होत नाही. नदीकाठची थोडीशी जमीन आणि मोजकी घरं. एका शेतकऱ्याचं पत्र्याचं गोदाम होतं. आत ओळीनं ओकची पिंपं, व्हिस्कीची जुनी. पिंपात तंबाखूच्या पानांच्या जुड्या ठासून भरलेल्या, वर लाकडी झाकण, आणि झाकणावर स्क्रू-जॅक. आपल्या इंजिनरूममध्ये असतो तसाच जॅक. मी आधी जॅककडेच बघत राहिलो. तो शेतकरी दांडा घालून थोडा पीळ द्यायचा, की काठावर काळा रस वर यायचा. हवा लागू द्यायची नाही म्हणून रस पानांवर असायला हवा. काही महिन्यांनी जॅक काढायचा, पानं बाहेर काढून उकलायची, हवा द्यायची, पुन्हा भरून दाबायची. असं वर्षभरात तीनदा. त्यानं एक पिंप उघडलं आणि मला वास आला तो अंजिराचा, शिरक्याचा, आणि आमच्या आजीच्या कोठीच्या खोलीचा. तिथे लोणच्याच्या बरण्या असायच्या, दादरा बांधलेल्या, आत दगड ठेवलेला. खार वर यायला हवा म्हणून दगड. हेच काम तिथे जॅक करत होता.

चीफ : हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

मी : तुम्ही चेरी ओढत होतात, म्हणून सांगितलं नाही. त्या दिवशी मला कळलं की मला काय हवंय. वास बाहेरचा की आतला, हा प्रश्नच नाही. मला मुरलेलं हवं होतं. वेळ खाल्लेलं. व्हर्जिनियाच्या वडीत चिमूटभर पेरीक असली की ती वडी डब्यात पाच-दहा वर्षं ठेवता येते आणि ती बदलत राहते, गडद होते. तुमचं पाकीट उघडलं त्या दिवशी सगळ्यात चांगलं असतं. माझा डबा बंद ठेवला तर चांगला होत जातो.

चीफ : आणि मला तेच उघडलं त्या दिवशीचं हवं होतं. तुला आजीची कोठी आठवली म्हणून ती तंबाखू तुझी झाली. मला चेरी का आवडते सांगू? मी उभ्या आयुष्यात झाडावरची चेरी खाल्लेली नाही. पण सहा-सहा, आठ-आठ महिन्यांनी घरी यायचो. एसटीतून उतरून आडवाटेनं चालत. पाइप पेटवलेला असायचा. ही सांगते, की बांधावरच वास यायचा आणि तिला कळायचं, आले. मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा तिनं मला ओळखलं नाही, माझ्या शर्टाला ओळखलं. तू म्हणतोस वास दहा मिनिटांत उडतो. उडून जातो कुठे? दुसऱ्याकडे जातो.

मी : तेच मला म्हणायचं आहे. चेरीचा वास ओढणाऱ्यासाठी नाहीच. ओढणाऱ्याचं नाक पाच मिनिटांत त्या वासाला सरावतं, त्याला तो येईनासा होतो. तो सगळा खोलीतल्या माणसांसाठी. मी पंधरा वर्षं दुसऱ्यांना आवडेल अशी तंबाखू ओढली. मेसमध्ये पोरं म्हणायची, साब, काय मस्त वास आहे. आणि माझी जीभ पोळत असायची.

चीफ : मग झालं तर. तू एकट्याच्या तोंडासाठी ओढतोस, मी खोलीसाठी ओढतो. माझ्या मते दुसऱ्याला आवडेल असं काही करणं कमी प्रतीचं नाही. तुझी जीभ जाणती झाली असं तू समजतोस. मी म्हणतो, तू एकटा पडत गेलास. जहाज सुटलं, ठाण्याला फ्लॅटच्या गॅलरीत बसायला लागलास, खोलीत कोणी उरलं नाही. मग गोड वास कोणासाठी?

याला मी उत्तर दिलं नाही. चवीचा बदल ही जिभेची गोष्ट आहे असं आपण धरून चालतो, आणि काही अंशी ती आहेही. गोडाची आवड उपजत असते. कडू, आंबूस, धुरकट यांची ओळख करून घ्यावी लागते. कारलं, कॉफी, सुकट, सगळ्यांचं तेच. धूर घशाकडून मागच्या मागे नाकात सोडायला जमलं की लाताकियातले बारकावे उलगडतात, आणि ते जमायला वर्षं लागतात. शिवाय वय झालं की नाक मंद होतं, बारीक वास निसटतात आणि दणकट तेवढे उरतात. चीफनी हेही मला एकदा सुनावलं आहे, आणि डिझेलच्या धुरात काढलेल्या वर्षांनंतर मला ते खोडून काढता येत नाही. पण एकटेपणाचं कारण मी कधी मनात आणलं नव्हतं. माझी लाताकिया सुरू झाली ते साल आणि माझं घर रिकामं झालं ते साल एकच आहे.

वहिनी चहा घेऊन आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी बरंच ऐकलं असावं.

वहिनी : खोलीसाठी ओढता म्हणे. खोलीत कोण असायचं? मी.

चीफ : तुला आवडायचा ना वास?

वहिनी : आवडायचा. अजून आवडतो. तेच तर दुखतंय मला. भाऊजी, आमच्या सासूबाई मशेरी लावायच्या. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या. तो वास तुम्हाला माहीत आहे? घसा धरतो, डोळ्यांतून पाणी येतं. त्या तवा घेऊन परसात जायच्या, आम्ही पोराबाळांना घेऊन पुढल्या दारी. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं बाहेर जा म्हणून. त्या वासानंच त्यांना बाहेर काढलं होतं. आणि ह्यांची चेरी बैठकीत, देवघराच्या भिंतीला लागून, चाळीस वर्षं. मी कधी म्हटलं नाही बाहेर जा. गोणपाटाचा वास असता तर पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, जसं तुम्हाला म्हटलं.

चीफ : आता ते कशाला?

वहिनी : सांगितलं नाहीत ना त्यांना?

तेव्हा माझं लक्ष गेलं. तासाभरात चीफनी काडी ओढलेली नव्हती. पाइप तोंडात होता, मधेच हातात येत होता, अंगठ्यानं बाऊलची कड चोळली जात होती, पण आत काही नव्हतं. ब्रायरच्या लाकडात वास इतका बसतो की वासाची ओढलेल्या पाइपात नंतर दुसरी तंबाखू भरली तरी जुनीच जाणवत राहते. म्हणून आम्ही दोन्हींचे पाइप वेगळे ठेवतो. चीफ तासभर त्या लाकडात राहिलेला वास ओढत होते.

चीफच्या गालाच्या आत, नळी जिथे टेकते त्या बाजूला, पांढरा चट्टा आला आहे. फेब्रुवारीत दाताच्या डॉक्टरांना दिसला. तुकडा काढून तपासायला पाठवला. अजून वाईट काही निघालेलं नाही, पण तंबाखू बंद, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

आम्ही दोघं आयुष्यभर एकमेकांना सांगत आलो, की आपण धूर छातीत घेत नाही, तोंडातच खेळवतो, म्हणून आपलं सिगरेटवाल्यांसारखं नाही. तोंड म्हणजे जणू शरीराचा भागच नव्हे. बर्लीचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं, म्हणून तर न गिळता तलफ भागते. ओठ, जीभ, गाल, घसा, अन्ननलिका, आणि हो, फुप्फुसही. पाइप यांतल्या कशालाही सोडत नाही. १७९५ सालीच सोमरिंग नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं पाइप ओढणाऱ्यांच्या ओठावरचा कर्करोग लिहून ठेवला होता. म्हणजे केंडलचं घराणं सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. चिमूट चेरीची की लाताकियाची, याचा या कशाशी संबंध नाही.

मी : वहिनी, वासाचीनं झालं आणि बिनवासाचीनं झालं नसतं, असं काही नाही. चट्टा मलाही येऊ शकतो.

वहिनी : ते कळतं मला. मी चट्ट्याचं म्हणतच नाही. मी माझं म्हणते. त्या वासानं मला गप्प बसवलं. मुलगी त्याच खोलीत अभ्यास करायची. तिला खोकला व्हायचा तेव्हा मी हवेला दोष द्यायची, पोफळीच्या तुऱ्यांना द्यायची. पाहुणे यायचे, म्हणायचे काय सुंदर वास आहे हो तुमच्याकडे. मला बरं वाटायचं.

चीफ : तो वास मी तुझ्यासाठी आणायचो. खोटं नाही सांगत.

वहिनी : मला माहीत आहे तुम्ही माझ्यासाठी आणायचात. ज्यानं तो पाकिटात घातला त्यानं माझ्यासाठीच घातला होता ना, पण? ओढणाऱ्याला तो येत नाही असं भाऊजी आत्ताच म्हणाले.

एवढ्या वर्षांच्या वादात आम्ही दोघांपैकी कोणीही ही बाजू बघितली नव्हती. जिभेची बाजू पाहिली, पानाची पाहिली, साखरेची, पिंपांची, धुनीची पाहिली. खोलीत बसलेल्या माणसाची बाजू चीफनी पाहिली होती, पण देणाऱ्याच्या जागेवरून. अमेरिकेनं २००९ साली सिगरेटमध्ये फळांचे आणि मिठाईचे वास घालायला बंदी केली, कारण त्या वासांनी पोरं ओढली जात होती. पाइपच्या तंबाखूला त्या बंदीतून वगळलं. ही बातमी वाचून मी तेव्हा समाधानानं मान डोलावली होती. म्हटलं, पाइप ओढणारी सगळी वयाची माणसं आहेत, त्यांना कोण फसवणार. त्या खोल्यांमध्ये अभ्यास करत बसलेल्या मुली माझ्या डोळ्यांपुढे आल्या नाहीत.

पाऊस थोडा ओसरला. चीफनी पाइप पायरीवर पालथा ठेवला. मग माझ्याकडे हात पुढे केला.

चीफ : डबा दे जरा. ओढत नाही, नुसता बघतो.

मी लाताकियाचा डबा दिला. त्यांनी झाकण काढून नाकाशी धरला, आणि काही न बोलता वहिनींकडे दिला. वहिनींनी आधी लांबूनच घेतला, मग जवळ.

वहिनी : अगंबाई. हा तर आमच्या माहेरच्या माळ्याचा वास. चुलीवरचा माळा. आमसुलं आणि नारळ असायचे वर, धुरानं काळे झालेले. पेटवल्यावर असा नाही येत.

मी : पेटवल्यावर गोणपाट.

वहिनी : पेटवल्यावर गोणपाट. बरं आहे, निदान तुम्हाला पायरीवर तरी बसवता आलं.

चीफ : हा किती सालचा डबा?

मी : २०१४ चा. घरी अजून आहेत. तारखा घालून ठेवलेत. व्हर्जिनिया-पेरीकचे बरेच, ते अजून मुरायचेत.

वहिनी : किती आहेत?

मी : चाळीसेक असतील.

वहिनी : आणि एक किती दिवस जातो?

मी : महिना. सावकाश ओढला तर दीड.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. साठ महिने, म्हणजे पाच वर्षं. मुरायला ठेवलेले दहा वर्षांनी उघडायचे, तेव्हा मी ७३ वर्षांचा. त्या हे मोठ्यानं बोलल्या नाहीत, पण बोटं कुठे थांबली ते मी बघितलं. डब्याचं झाकण नीट दाबून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

वहिनी : तुम्ही तोंड कधी दाखवलंत, भाऊजी?

मी : दाखवलं नाही. म्हणजे दातांसाठी गेलो होतो, चार-पाच वर्षांपूर्वी.

वहिनी : ह्यांची तारीख उद्याची आहे, चिपळूणला. सकाळी सातची गाडी. मी डॉक्टरांना फोन करून सांगते, दोघं जण येताहेत म्हणून.